पिंपळझरीचा थांबा

नंदिनी थूल चुकत नाही, असं डेपोत सगळे धरूनच चालत. अठरा वर्षं ती एसटीत कंडक्टर होती. गाडीत पाच माणसं असोत की पासष्ट कोंबलेली, कोण कुठं चढलं आणि कोणाला कुठं उतरायचं हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं असे. मागच्या बाकावर मान टाकून झोपलेल्या म्हाताऱ्याला ती त्याचं गाव यायच्या आधीच खांद्याला हलवून उठवी. म्हणून पहिल्यांदा पिंपळझरीचा फाटा मागे पडला तेव्हा ड्रायव्हर नानाजीला गंमतच वाटली.

"काय नंदाताई, आज घरी भाजी जळून आली का?" तो आरशातून हसत म्हणाला.

कॉलेजचा एक मुलगा ओरडला म्हणून गाडी शे-दोनशे पावलांवर थांबली होती. नंदिनीही हसली आणि पुढच्या तिकिटाला लागली.

पुलगाव आणि वर्ध्याच्या फेऱ्यांवर सगळी नोकरी काढल्यावर यंदा दिवाळीनंतर तिला कारंज्याची ड्यूटी लागली होती. आर्वीहून निघायचं, आडवळणाची पाच-सहा गावं घेत हायवेपर्यंत जायचं, कारंज्याला चहा घ्यायचा आणि परत फिरायचं. पिंपळझरी ऐन रस्त्यावर नव्हतं. फाट्यावर उतरून आत पाऊण कोस चालत जावं लागे. उतरणारं कोणी असेल तरच गाडी तिथं थांबायची, आणि ते सांगायचं काम कंडक्टरचं. दोरी ओढून एक बेल दिली की थांब, दोन दिल्या की चल.

दुसऱ्यांदा फाटा राहिला तेव्हा गाडीत दोघी बहिणी होत्या, त्यांनी भांडणच मांडलं. तिसऱ्यांदा आनंदाबाई नावाची म्हातारी होती. तिला झोप लागली होती. जाग आली तेव्हा फाटा तीन किलोमीटर मागे गेला होता. नानाजीनं तिला समोरून येणाऱ्या गाडीत बसवून देतो म्हटलं, पण ती रागारागानं उतरली आणि उन्हात चालत निघाली. वाटेत पाय मुरगळून पडली. दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा तक्रार घेऊन डेपोत आला.

साहेबांनी नंदिनीला बोलावलं. तिकीट बरोबर दिलेलं, गावाचं नाव बरोबर, वेळ बरोबर. मग बेल का दिली नाही?

"विसरली, साहेब."

"तिन्ही वेळा तेच गाव?"

खरं सांगायचं तर तिला विसरल्याचंही आठवत नव्हतं. तिच्या लेखी फाट्याच्या अलीकडची लिंबाचं बन आणि फाट्याच्या पलीकडचा कालव्याचा पूल हे एकमेकांना लागूनच होते. मधलं काही नव्हतंच. साहेब जुने होते, तिला ओळखत होते. त्यांनी मेमो दिला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, एकदा डॉक्टरले दाखवून घ्या. डोक्याचं काही असलं तं आत्ताच समजलेलं बरं."

घरी येऊन तिनं मेमो ओट्यावर ठेवला आणि भाकरी थापायला घेतल्या. नवरा राकेश समुद्रपूरला नोकरीला होता, शनिवारीच यायचा. घरात मुलगी रुचिका आणि नंदिनीची आई सीताबाई. सीताबाई ऐंशीच्या घरात होती. कान शाबूत, नजर शाबूत, जिभेलाही धार. रुचिका बीएच्या दुसऱ्या वर्षाला, मानसशास्त्र घेऊन. तिनं मेमो वाचला आणि तिचे डोळे चमकले. नंदिनीला ते तेव्हाही खटकलं होतं.

"आई, हे तं आमच्या पुस्तकात आहे," रुचिका म्हणाली. "एकच नाव नेमकं विसरणं. ते उगाच नसते होत."

"मंग कायनं होते?"

रुचिका स्वयंपाकघराच्या दारात बसली आणि सांगू लागली. त्यांच्या लीना मॅडमनी वर्गात समजावलं होतं तसंच तिनं समजावलं. मन म्हणजे तहसील कचेरी. समोरच्या खोलीत साहेब बसलेला असतो, त्याला वाटतं कचेरी आपण चालवतो. दारात एक शिपाई असतो. बाहेर पडवीत नाही नाही त्या अर्जांची माणसं ताटकळत असतात. ज्यांचा अर्ज साहेबाला झेपायचा नाही त्यांना शिपाई आत सोडतच नाही. पण ती माणसं घरीही जात नाहीत. तिथंच बसून राहतात, वर्षानुवर्षं, आणि मग मागच्या दारानं वेश पालटून आत शिरतात. कोणाच्या स्वप्नात येतात, कोणाच्या बोलण्यात चुकून निसटतात, कोणाच्या हातून एखादी गोष्ट विसरायला लावतात.

"आणि साहेबाच्या डोक्यावर आणखी एक जण असतो," रुचिका हसून म्हणाली, "कायम हे चूक, ते चूक म्हणणारा. पराहम् म्हणतात त्याले. आपल्या घरी आजी आहे तशी."

"काय म्हणून राह्यली वं माह्याबद्दल?" सीताबाई खाटेवरून ओरडली.

तिघीही हसल्या. त्या घरातलं ते शेवटचं मोकळं हसणं होतं.

त्या रविवारी दुपारी रुचिका वही घेऊन आईसमोर बसली. लीना मॅडमनी सगळ्या वर्गाला बजावलं होतं की हे घरच्या माणसांवर वापरून पाहू नका. रुचिकानं ते ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. मी एक शब्द म्हणेन, तू मनात येईल तो लगेच सांगायचा, असा खेळ होता. नंदिनी तूर निवडत होती. पोरीचा अभ्यास होतो आहे तर होऊ दे, असं म्हणून ती तयार झाली.

"पाणी."

"तांब्या."

"शाळा."

"सायकल."

"बहीण."

"मेली," नंदिनी म्हणाली, आणि लगेच, "अवं, म्हणजे माही मोठी बहीण होती ना, कमला. लग्न झाल्यावर वर्षभरात वारली."

"बेल."

"डबल."

"पिंपळझरी."

सुपातली तूर तशीच होती, पण नंदिनीचा उजवा हात सुपातून वर उठला, डोक्याच्याही वर गेला, बोटं मिटली, आणि हात दोनदा खाली आला. मग ती पुन्हा तूर निवडू लागली.

"आई, हात कायले वर केला?"

"कोण? मी कुठी केला?"

रुचिका घाबरली. ते तिनं नंतर कबूल केलं. पण त्या वेळी ती थांबली नाही. "आई, कमला मावशीचं सासर कोणतं होतं?"

"पिंपळझरीच की," नंदिनी सहज म्हणाली आणि तिची तीच चपापली. बहिणीचं सासर पिंपळझरी, हे तिला ठाऊक होतं. गेले दोन महिने ती त्या फाट्यावरून दिवसातून चारदा जात होती, हेही ठाऊक होतं. पण ही दोन्ही माहिती तिच्या डोक्यात कधी शेजारी येऊन बसलीच नव्हती. "पण मी तिथं कधी गेली नाई," ती म्हणाली. "एकदाही नाई."

"ताप होता तिले," पलीकडून सीताबाईचा आवाज आला. "कमला गेली तवा ही तापात होती. आठ दिवस. तिले कायले विचारतं? तिले काही माहीत नाई."

तापाचं कोणी विचारलंच नव्हतं. रुचिकानं आईकडे पाहिलं. नंदिनीनं मान खाली घातली आणि निवडलेल्याच तुरीवरून पुन्हा बोटं फिरवू लागली.

त्यानंतर रुचिका हात धुवून मागे लागली. आपण एकदा पिंपळझरीला जाऊ. एकदा फाट्यावर उतरू, पाहू, परत येऊ. नंदिनीला जायचं नव्हतं. का नव्हतं, ते सांगता येत नव्हतं, आणि सांगता येत नाही म्हणून नाही म्हणणं तिला वेडेपणाचं वाटे. शिवाय डोक्यावर मेमो होता. आणखी एकदा फाटा राहिला असता तर प्रकरण पुढे गेलं असतं. जानेवारीतल्या एका रविवारी तिला साप्ताहिक सुट्टी होती, त्या दिवशी जायला ती हो म्हणाली. सीताबाईला दोघींनी सांगितलं नाही. कारंज्याला जातो, एवढंच सांगितलं.

गाडीवर त्या दिवशी दुसराच कंडक्टर होता. त्यानं फाट्यावर गाडी थांबवली. नंदिनी रुचिकाच्या मागून खाली उतरली. फाट्यावर एक पत्र्याची टपरी, बंद. एक उखडलेला मैलाचा दगड. समोर गावाकडे जाणारा डांबरी रस्ता.

रुचिका त्या रस्त्याला लागली. चार पावलं गेल्यावर तिनं मागे पाहिलं तर आई नव्हती. नंदिनी रस्ता सोडून उजवीकडे वळली होती. कापसाच्या पऱ्हाटीच्या दोन शेतांमधून एक पांदण जात होती, काट्यांनी अर्धी बुजलेली, तिच्यावरून ती चालत होती. अडखळत नव्हती, शोधत नव्हती. रोजच्या वाटेनं चालावं तशी चालत होती.

"आई, तू तं कधी आली नव्हतीस ना?"

"हा जवळचा रस्ता हाये," नंदिनी म्हणाली आणि तिथंच उभी राहिली. आपण काय बोललो ते तिला आता ऐकू आलं.

तिथून परत फिरावं, असं तिच्या मनात आलं. रुचिकानं तिचा हात धरला होता. तो हात धीराचा होता की ओढणारा, हे तिला नंतरही ठरवता आलं नाही.

पांदण सरळ बौद्धपुऱ्यात निघाली. तिसऱ्या घराच्या अंगणात एक म्हातारी कापसाची बोंडं सोलत बसली होती. ही प्रमिलाबाई, कमलेची थोरली जाऊ. कमलेचा नवरा केव्हाच दुसरं लग्न करून नागपूरला निघून गेला होता. घरात आता ही आणि तिचा मुलगा. "जयभीम बाई," रुचिकानं म्हटलं, आपली ओळख सांगितली, आणि म्हातारीनं हातातलं बोंड खाली ठेवलं.

"कमलेची बहीण?" ती नंदिनीकडे बारीक डोळे करून पाहत राहिली. "म्हणजे लाल रिबिनवाली ती पोट्टी तूच का?"

नंदिनी जोत्यावर बसली.

"मले वाटे तुह्या घरचं कोणी येईन, विचारीन. कोणीच नाई आलं बाई. तेहतीस वर्षं झाली." प्रमिलाबाईच्या बोलण्यात राग नव्हता. खूप दिवस सांगायचं राहिलेलं सांगून टाकावं, असं ती बोलत होती. "तू त्या दिवशी औषधाची बाटली अन् लुगडं घेऊन आलती. कमलीले लय ताप देत आमच्या घरचे. मी तवाही काही बोलू नाई शकली, अन् घरात मोठी झाली तरी नाई बोलली. तू आली तं ती खुलली. माह्या कानात म्हणे, जाऊबाई, मी बहिणीसंग जातो आता, येत नाई मी परत. तुले फाट्यावर पाठवलं बस थांबवाले, अन् ती दोन कपडे पिशवीत घालाले मागं राह्यली. आम्ही वावरात वेचणीले होतो. या डोळ्यानं पाह्यलं मी. बस आली. कमली पिशवी घेऊन पांदणीनं धावत सुटली. हात वर करून धावे. बस उभी होती बाई, चांगली उभी होती. अन् ती आता पोहोचतच होती तं बस निघून गेली."

"मग?" रुचिकानं विचारलं.

"मंग काय. फाट्यावर दगडावर जाऊन बसली. दिवस बुडेपर्यंत बसली. मीच हाताले धरून आणलं. अन् घरी समजलं ना, की पिशवी घेऊन निघालती." प्रमिलाबाईनं बोंड पुन्हा हातात घेतलं. "चौथ्या दिवशी विहिरीत सापडली. पाय घसरला, असं सांगतलं सगळ्याइले. त्या विहिरीले कठडा होता बाई. माह्या छातीएवढा."

नंदिनीला पुढचं ऐकू येत नव्हतं. ती गाडीत होती. अकरा वर्षांची, खिडकीच्या बाकावर गुडघे टेकून उभी. गाडीला डिझेलचा आणि ओल्या गोणपाटाचा वास होता. कंडक्टर पुढं ड्रायव्हरशी बोलत होता, त्याची पाठ तिच्याकडे. तिनंच त्याला सांगितलं होतं, काका थांबा, माही बहीण येऊन राह्यली. तो बरं म्हणाला होता. खिडकीतून कमला दिसत होती. पऱ्हाटीतून धावत येत होती, एक चप्पल मागे पडली होती, आणि ती हसत होती. बस आपल्यासाठी थांबली म्हणून तोंडभर हसत होती.

आणि त्या अकरा वर्षांच्या मुलीच्या मनात आलं होतं, ही आली की सायकलचा दांडा पुन्हा हिचा.

बाप शाळेत शिपाई होता. सायकलवर जायचा. पुढच्या दांड्यावर कायम कमला बसे, लग्न होईपर्यंत. नंदिनी मागून चालत यायची. वर्षभर झालं तो दांडा तिचा झाला होता. बापाची हनुवटी तिच्या डोक्याला लागायची, तो तिला पाढे विचारायचा. घरात रात्री तिचं नाव आधी घेतलं जायचं. दोरी तिच्या डोक्यावरून गेली होती. तिनं हात वर केला.

एकदा. दोनदा.

ड्रायव्हरनं गिअर टाकला. कंडक्टरनं मागे वळून पाहिलं, दार लागलेलं होतं, पोरगी बाकावर होती. त्याला वाटलं असेल, बहीण चढली.

"आई," रुचिका तिला हलवत होती. "आई, रड ना. काही तरी बोल."

नंदिनी रडली नाही. प्रमिलाबाईनं पाणी दिलं, ते प्यायली. उठली, म्हातारीला हात जोडले आणि डांबरी रस्त्यानं चालत फाट्यावर आली. परतीच्या गाडीत रुचिका तिच्याकडे पाहत राहिली. पुस्तकात लिहिलं होतं की दडपलेलं वर आलं की माणूस मोकळा होतो. आईच्या चेहऱ्यावर तसलं काहीच दिसत नव्हतं.

घरी पोचल्या तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. सीताबाई मेथी निवडत बसली होती. नंदिनी चपला न काढता तिच्यासमोर जाऊन बसली.

"माय, मी पिंपळझरीले गेलती."

सीताबाईच्या हातातली काडी तशीच राहिली. तिनं नातीकडे एकदा पाहिलं. त्या नजरेनं रुचिका दारातच थबकली.

"मले ताप नव्हता," नंदिनी म्हणाली.

"होता," सीताबाई म्हणाली. "त्या दिवशी नव्हता. कमलीची बातमी आली त्या दिवसापासून भरला. आठ दिवस फणफणली तू. उठली तं तुले काहीच ठाऊक नाई. मी विचारलं, कमलीकडे गेलती ना तू? तं म्हणे, मी कुठी गेली? डोळे असे पोरसवदा, खरे. मी तुह्या बापाले म्हटलं, राहू दे. एक तं गेली, दुसरी तरी राहो." तिनं हातातली काडी खाली ठेवली. मग सावकाश म्हणाली, "अन् नंदे, तुही काय चूक वं त्यात. मीच सांगतलं होतं तुले. तिले संग आणू नको म्हणून. बाप तापला होता तिच्या सासरच्याइवर, पंचायत बसवतो म्हणे. मी म्हटलं, पंचायत होऊन जाऊ दे, मंग आणू. चार दिवसाची तं गोष्ट. मीच मारली तिले. रोज सकाळी उठून मी हेच म्हणतो मनात. तू नको मनाले लावून घेऊ."

तेहतीस वर्षांत ती हे पहिल्यांदा बोलत होती. नंदिनीला वाटलं असतं तर तिथंच थांबता आलं असतं. आईनं ओझं आपल्या डोक्यावर घेतलं होतं, ते तिथंच राहू देता आलं असतं. पण दुपारपासून तिला थांबता येत नव्हतं.

"तुहं सांगणं मी तिथं गेल्यावर विसरूनच गेलती, माय. मीच तिले म्हटलं, चल घरी. मीच बस थांबवली. अन् मीच बेल दिली. ती येऊन राह्यली होती, मले दिसत होती. मले ती घरी नको होती."

"अकरा वर्षाची होती तू."

"हो. अन् मले नको होती."

सीताबाई तिच्याकडे पाहत राहिली. इतक्या वर्षांत तिनं स्वतःला दोष दिला होता, जावयाला दिला होता, मेलेल्या नवऱ्याला दिला होता. या एकाच पोरीला तिनं सगळ्यातून बाहेर ठेवलं होतं. तिच्याकडे पाहून ती जगली होती. मेथी तशीच टाकून ती भिंतीला धरत उठली आणि आत जाऊन आपल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजली.

दोन दिवसांनी ती म्हणाली, मले सुमीतकडे पोहोचवून द्या. सुमीत तिचा धाकटा मुलगा, पुलगावजवळ नाचणगावला राहायचा. इतकी वर्षं ती त्याच्याकडे आठ दिवसही टिकली नव्हती, सुनेचा स्वयंपाक तिला गोड लागत नसे. आता स्वतःहून गठुडं बांधून बसली. राकेश तिला सोडून आला.

फाटा विसरणं थांबलं. त्या रविवारनंतर पिंपळझरी एकदाही चुकलं नाही. पण नंदिनीला दुसरंच काही तरी लागलं. आता तिला कोणत्याच थांब्यावरून गाडी सोडवेना. सगळे चढले, दार लागलं, तरी ती मागच्या काचेतून रस्ता, शेतांचे बांध-धुरे, वावरं न्याहाळत उभी राही. कोणी येत तर नाही? दूर कोणी बाई डोक्यावर भारा घेऊन चालताना दिसली तरी ती गाडी थांबवून धरी. ती बाई जवळ येऊन नुसतीच निघून जाई. नानाजी आरशातून पाही. तो आता हसत नव्हता.

"ताई, सोडू का गाडी?"

"थांबा थोडं."

"कोणी नाई ताई तिथं."

"नानाजी, तुम्ही समोर पाहा, मी मागं पाहून राह्यली."

कारंज्याला गाडी पाऊण-पाऊण तास उशिरा पोचू लागली. शेवटी नानाजीच साहेबांकडे गेला, तक्रार म्हणून नव्हे, काळजी म्हणून. नंदिनीला गाडीवरून उतरवून चौकशीच्या खिडकीत बसवण्यात आलं. तिथं तिनं कोणाला चुकीचं उत्तर दिलं नाही, पण आवाज एवढा लहान झाला होता की लोक दोनदा विचारत. झोप गेली. अंग उतरलं. वर्ध्याच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, पंधरा दिवसांतून एकदा येऊन बोलत जा म्हणाले.

एके दिवशी संध्याकाळी लीना मॅडम घरी आल्या. रुचिकानंच त्यांना सगळं सांगितलं होतं, वर्गाबाहेरच्या पायऱ्यांवर बसून, रडत रडत. मॅडम पन्नाशीच्या, नागपूरच्या, बोलणं शुद्ध आणि हळू. चहा घेऊन झाल्यावर त्या रुचिकाला म्हणाल्या, "मी तुम्हाला शिपायाचं सांगितलं. तो का बसवलेला असतो, हे सांगायला मी कमी पडले, असं दिसतं. अकरा वर्षांच्या मुलीला ते घेऊन जगता आलं नसतं. म्हणून तिच्या मनानं दार लावलं. चुकीचं लावलं असेल, पण तिला वाचवायलाच लावलं. ते दार उघडायला माणूस लागतो, महिने लागतात, कधी वर्षं लागतात. तू एका रविवारी उघडलंस आणि आई, आजी दोघींनाही आत एकटं सोडून दिलंस."

रुचिका मान खाली घालून बसली होती.

"तिले बोलू नका मॅडम," नंदिनी म्हणाली. "ते कधी तरी निघालंच असतं. ती आनंदाबाई उन्हात पडली ना. उद्या आणखी कोणी पडलं असतं."

"तुम्हाला राग नाही आला हिचा?"

"येतो," नंदिनी सरळ म्हणाली. "रोज येतो. तिच्या हातचा चहा घेतला तरी येतो. पण माहा मलेच एवढा येतो की तिच्यापर्यंत पोहोचतच नाई."

रुचिकानं परीक्षा दिली, पास झाली, पण पुढच्या वर्षी विषय बदलून घेतला. आईला ती आता काहीही विचारताना आधी थांबते, नुसतं भाजी कोणती करू, हे विचारतानाही.

नाचणगावला नंदिनी दर दुसऱ्या रविवारी जाऊ लागली. सीताबाई अंगणात बाजेवर असे. आलीस का, एवढं म्हणे आणि मग गप्प. जेवण कमी झालं होतं. नंदिनी तिचे पाय चेपून देई, नखं काढून देई, परतायची वेळ झाली की उठे. महिना-दोन महिने असेच गेले. होळी झाली, ऊन चढू लागलं. एका रविवारी नंदिनीनं तिच्या केसांना तेल लावता लावता विचारलं, "माय, घरी कमलीचा एकही फोटो काऊन नाई?"

सीताबाईनं मांडीवरचा पदर नीट केला. मग म्हणाली, "एकच होता. लग्नातला. तुह्या बापानं चुलीत घातला. तुले दिसू नये म्हणून. नावही घ्याचं नाई असं ठरलं होतं आमचं. तुह्यासाठी."

"मंग तू तिले आठवत कशी होती?"

"नाई आठवत वं." सीताबाईचा आवाज कोरडा होता. "तेच तं हाये. आधी आधी दिसे. मंग मंग तिचं तोंड पाहाले गेली की तुहंच तोंड ये. आता तं काहीच नाई येत. पोटची पोरगी होती. कान कसे होते, ते सांगता येत नाई मले."

नंदिनीचे हात तिच्या केसांत थांबले. तिला तर सगळंच दिसत होतं. जानेवारीपासून दिसत होतं, मिटल्या डोळ्यांनी, उघड्या डोळ्यांनी. जगात आता कमलेचा चेहरा ठाऊक असलेली ती एकटीच उरली होती, फार तर पिंपळझरीची ती म्हातारी.

"लहान होते कान," ती म्हणाली. "तुह्यासारखे. खालची पाळी नव्हतीच. डाव्या भिवईवर एक व्रण होता, चुलीपाशी पडली होती ना लहानपणी. रंग माह्याहून उजळ. दातात फट होती समोर. बोलताना 'स'चा जरा शिट्टीसारखा आवाज ये."

सीताबाईनं डोळे मिटून घेतले होते. "आणखी," ती म्हणाली.

नंदिनी सांगत गेली. वेणी घालताना कमला रिबीन दातात कशी धरायची. पाढे म्हणताना सतराच्या पाढ्याला कशी अडखळायची आणि बाप कसा मुद्दाम सतराचाच विचारायचा. सासरी त्या दिवशी तिनं नंदिनीला गुळाचा खडा दिला होता, सासूला न दिसता, आणि स्वतः नुसती बोटं चाटली होती. कमलेच्या हातावर चटक्यांचे डाग होते. ते नंदिनीनं सांगितलं नाही.

"नंदे," सीताबाई मधेच म्हणाली. "माह्यावर रागावली होती का ती? मी बोलावलं नाई म्हणून? काही म्हणली तुह्यापाशी?"

नंदिनीनं शोधून पाहिलं. ते अंगण, ती पांदण, कमलेचे ओठ हलताना दिसत होते. पण आवाज नव्हता. ते तिला खरंच आठवत नव्हतं.

"नाई माय," ती म्हणाली. "काहीच नाई म्हणली."

सीताबाईनं मान हलवली. तिला ते पटलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. थोड्या वेळानं तिनं सुनेला हाक मारून पाणी मागितलं, प्यायली, आणि बाजेवर भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. नंदिनी तेलाची बाटली हातात धरून तिच्या पाठीशी बसून राहिली.